इंद्रियदमन की आत्म्याचे फळ? : मराठी ख्रिस्ती जीवनातील आत्मसंयमनाचा विचार

प्रस्तावना

नांदेड-लातूर परिसरातील महाविद्यालयांतून मराठी शिकवणाऱ्या प्राध्यापकाला लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्राशी कधी ना कधी गाठ घालावीच लागते. विद्यार्थ्यांना हे पुस्तक आवडते. त्यातील विनोदाला ते मनमोकळेपणाने हसतात आणि टिळकांच्या विक्षिप्तपणाच्या गोष्टी पुढे बरेच दिवस त्यांच्या बोलण्यात येत राहतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका तासाला मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने प्रश्न विचारला. क्षमा आणि शांती शिकवणारा धर्म टिळकांनी एवढी मोठी किंमत देऊन स्वीकारला, तर त्यांचा राग का गेला नाही? प्रश्नात कुचेष्टा नव्हती, खरे कुतूहल होते. त्या तासाला प्रस्तुत लेखकाने काहीतरी उत्तर दिले. परंतु ते उत्तर नव्हते, वेळ मारून नेणे होते.

या प्रश्नामागे एक मोठा प्रश्न आहे. ख्रिस्ती विचारात आत्मसंयमन म्हणजे नेमके काय, ते माणसात कसे येते आणि ते आले आहे याची साक्ष कोणी द्यायची? मराठी ख्रिस्ती साहित्यात या प्रश्नाची सामग्री विपुल आहे. मात्र तिच्याकडे धर्मांतराच्या इतिहासाचे साधन म्हणूनच पाहिले जाते. नीतिविचाराच्या अंगाने तिचे वाचन फारसे होत नाही, म्हणून हा प्रयत्न.

शब्दाची अडचण

नव्या करारातील गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात पौल आत्म्याच्या फळाचे वर्णन करताना नऊ गुण सांगतो. प्रीतीपासून सुरू होणाऱ्या या मालिकेतील शेवटच्या गुणासाठी प्रचलित मराठी बायबलात ‘इंद्रियदमन’ हा शब्द योजला आहे. मूळ ग्रीक शब्द ‘एंक्रातेइया’ असा आहे. त्यातील ‘क्रातोस’ म्हणजे बळ, सत्ता, पकड. स्वतःवर स्वतःची पकड असणे, असा त्याचा साधा अर्थ होतो. पौलाच्या आधी सुमारे चारशे वर्षे ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या सातव्या भागात याच शब्दाची चिकित्सा केली होती. ज्याच्या मनात अयोग्य वासना उठतात, परंतु जो त्यांच्या मागे जात नाही, तो त्याच्या मते या गुणाचा धनी होय. ज्याच्या मनात तशा वासनाच उठत नाहीत, त्याला तो वेगळे आणि वरचे स्थान देतो. म्हणजे ग्रीक विचारात हा शब्द झुंज चालू असलेल्या माणसाचा आहे. झुंज संपलेल्या माणसासाठी तेथे दुसरा शब्द आहे.

मराठी अनुवादकांनी ‘इंद्रियदमन’ का निवडला हे समजण्यासारखे आहे. कठोपनिषदातील रथाचे रूपक, गीतेतील स्थितप्रज्ञ, योगशास्त्रातील यम-नियम आणि घरोघरी पाठ असलेले षड्रिपू या सर्वांमुळे मराठी वाचकाला हा शब्द ओळखीचा वाटतो. परंतु ओळखीचा शब्द आपल्याबरोबर आपले जुने बिऱ्हाडही घेऊन येतो. ‘दमन’ म्हटले की दाबणारा आणि दाबले जाणारे असे दोन पक्ष डोळ्यांपुढे उभे राहतात, आणि सारे कर्तृत्व दाबणाऱ्याकडे जाते. शिवाय क्रोध, मत्सर, बढाईखोर जीभ यांना ‘इंद्रिय’ म्हणताना ओढाताण होते ती वेगळीच.

पौलाच्या त्या परिच्छेदातील मुख्य प्रतिमा दमनाची नाही, फळाची आहे. त्याच अध्यायात तो एका बाजूला देहस्वभावाची ‘कर्मे’ ठेवतो (अनेकवचनात) आणि दुसऱ्या बाजूला आत्म्याचे ‘फळ’ ठेवतो (एकवचनात). त्या कर्मांच्या यादीत मद्यपान आहे, तसेच संतापाचे झटके आणि हेवेदावेही आहेत. कर्म करावे लागते; फळ धरते. तूर किंवा सोयाबीन हाताने ओढून लवकर पिकत नाही, हे आपल्या भागातील विद्यार्थ्याला समजावून सांगावे लागत नाही. त्याचबरोबर शेतकरी फळाची वाट पाहत बांधावर झोपून राहत नाही, हेही त्याला ठाऊक असते. पौलालाही ते ठाऊक आहे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात तो याच धातूपासून बनलेले क्रियापद मल्लांसाठी आणि धावपटूंसाठी वापरतो. करिंथजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन क्रीडास्पर्धा भरत असत, त्यामुळे सुकून जाणाऱ्या पानांच्या मुकुटासाठी खेळाडू किती पथ्ये पाळतात हे त्या वाचकांनी पाहिलेले होते. झाड आणि आखाडा या दोन्ही प्रतिमा एकत्र धरल्याशिवाय ख्रिस्ती आत्मसंयमनाचा अर्थ लागत नाही. ‘इंद्रियदमन’ या शब्दातून आखाडा दिसतो, झाड मात्र दिसत नाही.

जुन्या करारातील नीतिसूत्रांत तिसरी एक प्रतिमा आहे. ज्याचा स्वतःवर ताबा नाही तो माणसाला तट ढासळलेल्या नगरासारखा म्हटला आहे. कंधार, औसा आणि उदगीर येथील किल्ले पाहिलेल्या वाचकाला या प्रतिमेचे वेगळे स्पष्टीकरण नको. तटाचे महत्त्व आत वस्ती आहे म्हणून असते. वस्ती उठून गेलेल्या किल्ल्याचा तट कितीही मजबूत असला तरी तो पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीचा विषय उरतो.

गोदाकाठचा वारसा

हा विचार ख्रिस्ती लोकांनी मराठवाड्यात आणला असे समजणे हास्यास्पद ठरेल. पैठणला गोदावरीचे स्नान करून येणाऱ्या एकनाथांच्या अंगावर वारंवार थुंकणाऱ्या माणसाची आणि तरीही न रागावता पुन्हा पुन्हा स्नानाला जाणाऱ्या नाथांची कथा येथील प्रत्येक घरात सांगितली जाते. त्याच नदीच्या काठी खाली नांदेडला १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी देह ठेवला. काम, क्रोध, लोभ, मोह आणि अहंकार हे पाच विकार जिंकण्याची शीख शिकवण या शहराच्या कानांवर तीन शतकांहून अधिक काळ पडत आली आहे. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इव्हाग्रियस या ख्रिस्ती तपस्व्याने मनाला घेरणाऱ्या आठ विचारांची यादी केली. त्यात खादाडपणा, लोभ, क्रोध, गर्व यांच्या जोडीला खिन्नता आणि भर दुपारी येणारा साधनेचा कंटाळाही आहे. षड्रिपूंशी तिची तुलना एखाद्या संशोधक विद्यार्थ्याने अवश्य करावी. भर दुपारच्या कंटाळ्याला रिपूंत स्थान मिळाले नाही, याचे प्रस्तुत लेखकाला अध्यापक म्हणून नेहमी नवल वाटते.

भेद कोठे आहे? नाथांच्या कथेत आपल्याला सिद्ध पुरुष दिसतो. राग जिंकून झालेला आहे आणि कथा त्या विजयाचे दर्शन घडवते. ‘हिंदू परंपरा सिद्धाची आणि ख्रिस्ती परंपरा साधकाची’ अशी सोपी विभागणी मात्र टिकणारी नाही. तुकारामांच्या अभंगांत स्वतःच्या मनाशी चाललेली झटापट उघड दिसते, आणि नारायण वामन टिळक आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे म्हणत असत ते उगाच नव्हे. ख्रिस्ती परंपरेतही वाद होताच. चौथ्या शतकाच्या अखेरीस ऑगस्टीनने आपल्या ‘कबुलीजबाबा’त संयम ही देवाकडे मागायची गोष्ट ठरवली. त्यावर पेलागियसने हरकत घेतली, की असे म्हटल्यावर माणूस स्वतःची जबाबदारी कशाला घेईल? हरकत बिनतोड वाटते. तथापि मुख्य ख्रिस्ती प्रवाहाने ऑगस्टीनची बाजू घेतली. त्याला कारण झाला तो अनुभव: निश्चय करणारे मन आणि निश्चय मोडणारे मन एकच असते, मग एकाने दुसऱ्याला कसे बांधावे?

टिळकांचे घर

आता ज्या घरामुळे हा लेख लिहावा लागला त्या घराकडे वळू. ना. वा. टिळकांचा जन्म १८६१ सालचा. वडील वामनराव अत्यंत संतापी, आणि मुलाला तो वारसा मिळालेला. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने टिळक हलून गेले. त्या प्रवचनात क्रोधाला खुनाच्या रांगेत बसवले आहे, ही गोष्ट तापट माणसाने वाचताना कशी वाचली असेल याची कल्पना करावी. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नीला आधी विश्वासात न घेता उचललेले हे पाऊल होते. त्यानंतरची सुमारे पाच वर्षे लक्ष्मीबाई बहुतांश त्यांच्यापासून दूर, नातेवाइकांच्या आश्रयाने राहिल्या. १९०० साली त्यांनी स्वतः ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध होऊ लागली. तोवर टिळकांच्या मृत्यूला पंधरा वर्षे झाली होती आणि मराठी ख्रिस्ती समाजात त्यांना जवळजवळ संतपद मिळाले होते. अशा वेळी विधवा पत्नीने लिहिलेले चरित्र पूजेचे होणे स्वाभाविक होते. लक्ष्मीबाईंनी तसे केले नाही. त्यांच्या टिळकांना राग येतो, पश्चात्ताप होतो, ते हळवे होतात, उतावळेपणाने निर्णय घेतात आणि घरात पैसा टिकू देत नाहीत. बाप्तिस्म्याच्या पाण्यात हा स्वभाव धुऊन गेला असे त्या कोठेही भासवत नाहीत. म्हणूनच जो बदल त्या दाखवतात त्यावर विश्वास बसतो.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. टिळकांच्या असंयमाचा एक भाग दुर्गुणाचा नव्हता, सद्गुणाचा होता. कोणी मागितले की द्यायचे. घरात उद्याला आहे की नाही हे पाहायचे नाही. चरित्रकार याला औदार्य म्हणतात आणि ते औदार्य होतेच. पण महिन्याचा हिशेब मांडणाऱ्या बाईच्या दृष्टीने पाहिले तर तेही पकड सुटण्याचेच एक रूप होते. देण्याचा आनंद एकाचा आणि त्या देण्याने पडलेला खड्डा भरण्याचा भार दुसऱ्याचा, अशी वाटणी त्या घरात अनेक वर्षे चालली. आत्मसंयमनाचा विचार करताना आपण दारू, क्रोध, विषयवासना यांच्यापाशी थांबतो. चांगल्या गोष्टीचा अनावर ओढा मात्र नजरेतून सुटतो. प्रस्तुत लेखकाच्या मते ‘स्मृतिचित्रे’चे हे नीतिशास्त्रीय योगदान मोठे आहे, आणि ते तत्त्वचर्चेतून आलेले नाही, संसाराच्या जमाखर्चातून आलेले आहे.

या घरात आत्मसंयमन वाढले ते अधिक कोणाचे, असे विचारले तर उत्तर लक्ष्मीबाईंकडे बोट दाखवते. त्यांचे बालपण पाहावे. १८५७ च्या उठावानंतर त्यांच्या आजोबांना फाशी झाली आणि त्या आघाताने वडिलांना सोवळ्याचे वेड लागले. धुणे, शिवाशीव, पुन्हा धुणे यांत सारे घर जेरीस आले. बाह्य नियमाने आयुष्य जखडून टाकण्याचा हा टोकाचा नमुना होता. नियम जितके कडक, तितका आतला माणूस भयग्रस्त. अशा घरात वाढलेल्या लक्ष्मीबाई अहमदनगरला टिळकांकडे आल्या तेव्हा त्यांनी आपला स्वयंपाक आणि पाणी वेगळे ठेवले होते. ते बंधन एका फटक्यात तुटले नाही. प्रथम विचार बदलला, मग सवय बदलली, आणि शिसारी सर्वांत शेवटी गेली. पुढे दुष्काळात आणि प्लेगच्या दिवसांत निराधार झालेली, कोणत्याही जातीची मुले त्यांनी पोटाशी धरली. जेथे आधी नियमाचे कुंपण होते तेथे माया आली, आणि तिने आपली शिस्त स्वतःबरोबर आणली. पौलाची मालिका प्रीतीपासून सुरू होऊन संयमनापाशी का संपते, याचे याहून चांगले भाष्य प्रस्तुत लेखकाला ठाऊक नाही.

टिळकांनी १९१७ साली मिशनची पगारी नोकरी सोडून ख्रिस्ती संन्यासाची कल्पना आचरणात आणली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ सुरू केला. हा कुटुंब सोडून वनात जाण्याचा संन्यास नव्हता. पत्नीच्या डोळ्यांसमोर, घरात राहून पाळायचा संन्यास होता, आणि म्हणूनच अधिक अवघड. वनातल्या माणसाचा राग पाहायला कोणी नसते.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण येथे थोडक्यात घेतले पाहिजे, कारण ते दुसऱ्या बाजूने तोच मुद्दा दाखवते. १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. तेथील भगिनी जेराल्डीन यांच्याशी त्यांचा झालेला पत्रव्यवहार १९७७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आहे. अंडे घातलेले पक्वान्न खाण्यास नकार देण्यापासून गळ्यातील क्रुसावर लॅटिनऐवजी संस्कृत अक्षरे असावीत या आग्रहापर्यंत अनेक बाबतींत त्यांनी वरिष्ठांची आज्ञा मानली नाही. वरिष्ठांना तो अहंकार वाटला. रमाबाईंच्या दृष्टीने दुसऱ्याच्या हुकमतीखाली वागणे म्हणजे संयमन नव्हते; लगाम आपल्याच विवेकाच्या हाती हवा होता. तरीही बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षे आपल्याला ख्रिस्ताचा धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, असे त्यांनी १९०७ च्या आपल्या आत्मनिवेदनात नमूद केले आहे. केडगावच्या मुक्ती सदनातील त्यांची पुढील कठोर साधी राहणी, आणि आयुष्याच्या अखेरपर्यंत चाललेले मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर, या दुसऱ्या शोधानंतरचे आहे.

वाढीची साधने

फळ आपोआप धरत असेल तर मशागत कशाची करायची? ख्रिस्ती परंपरेने यावर बरीच व्यवहारी उत्तरे शोधली आहेत. १५४८ साली छापल्या गेलेल्या आपल्या साधनापुस्तकात इग्नेशियस लोयोला यांनी एका वेळी एकच दोष निवडायला सांगितला आहे. सकाळी उठताच त्या दोषापासून सावध राहण्याचा निश्चय करावा. दुपारी आणि रात्री जेवणानंतर तासातासाचा आढावा घेऊन जितक्या वेळा चूक झाली तितक्या खुणा वहीतील रेघेवर कराव्यात. रात्रीची रेघ दुपारच्या रेघेशी, आजची कालच्याशी आणि हा आठवडा मागच्या आठवड्याशी ताडून पाहावा. ही किराणा दुकानातील उधारीच्या वहीसारखी पद्धत ऐकून वर्गात हसू येते. परंतु तिच्यात मानसशास्त्र पक्के आहे: ‘मी रागीट आहे’ या मोघम खंतीचे रूपांतर ‘आज दुपारपर्यंत तीन वेळा’ या मोजता येणाऱ्या वस्तुस्थितीत होते. १६१६ साली मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ प्रसिद्ध करणारे फादर थॉमस स्टीफन्स याच जेझुइट संघाचे होते, हे मराठीच्या अध्यापकांनी ध्यानात ठेवावे. ओवीला शोभेल अशी भाषा घडवणाऱ्या त्या माणसाची दिनचर्या या आत्मपरीक्षणाच्या शिस्तीत घडलेली होती.

अठराव्या शतकात जॉन वेस्ली यांनी दुसरे साधन दिले, ते संगतीचे. सुमारे बारा जणांच्या गटाने आठवड्यातून एकदा जमून एकमेकांची आत्मिक विचारपूस करायची. मेथॉडिस्ट मंडळ्यांचा पाया या गटांवर उभा राहिला. एकट्याने केलेला निश्चय एकट्याने मोडता येतो. चार जणांना सांगितलेला मोडताना निदान मान खाली घालावी लागते.

तिसरे साधन प्रभूच्या प्रार्थनेतच आहे. मोहाशी लढण्याचे बळ मागण्याऐवजी मोहात पडू न देण्याची विनंती तेथे केलेली आहे. आधुनिक संशोधन या बाबतीत रोचक आहे. मनोबल हे स्नायूसारखे थकते, हा १९९८ साली बाऊमाइस्टर आणि सहकाऱ्यांनी मांडलेला सिद्धांत बराच काळ पाठ्यपुस्तकांत होता. २०१६ साली वीसहून अधिक प्रयोगशाळांनी मिळून केलेल्या फेरपडताळणीत तो परिणाम जवळजवळ शून्य आढळला. उलट हॉफमान आणि सहकाऱ्यांच्या २०१२ सालच्या अभ्यासात असे दिसले की ज्यांचा आत्मसंयम चांगला समजला जातो ती माणसे मोहाशी अधिक झुंजत नसतात. त्यांच्या दिवसात झुंजीचे प्रसंगच कमी येतात. लहान मुलांपुढे मिठाई ठेवून केलेल्या मिशेल यांच्या प्रसिद्ध प्रयोगाचेही २०१८ साली पुनर्परीक्षण झाले. घरची परिस्थिती हिशेबात घेतल्यावर, मुलाच्या संयमावरून त्याच्या पुढील यशाचे भाकीत करण्याचा दावा बराच दुबळा ठरला. ‘लातूर पॅटर्न’च्या छायेत वाढणाऱ्या, पहाटेपासून रात्रीपर्यंत वेळापत्रकाने बांधलेल्या मुलांबद्दल ‘ज्याच्यात जिद्द तो टिकतो’ असे आपण सहज बोलून जातो, तेव्हा हा निष्कर्ष आठवावा. टिकणाऱ्याच्या पाठीशी बहुधा कोणीतरी उभे असते. न टिकणाऱ्याच्या पाठीशी बहुधा कोणी नसते.

या सर्व साधनांना एक मर्यादा आहे. वहीतील खुणा कमी झाल्या म्हणून घरातील माणसांना आपली भीती वाटायची थांबली असे होत नाही. आपल्या संयमाची मोजदाद आपणच ठेवली तर ती आपल्या बाजूने झुकणार. टिळकांच्या बाबतीत ती मोजदाद दुसऱ्या कोणीतरी ठेवली, प्रेमाने ठेवली आणि तीत सूट दिली नाही. आज त्या विद्यार्थिनीला उत्तर द्यायचे झाले तर प्रस्तुत लेखक एवढेच म्हणेल, की राग गेला नाही हे आपल्याला कळले ते लक्ष्मीबाईंमुळे, आणि ते लिहिण्याइतके निर्भय त्या याच घरात झाल्या.

टिळकांनी हाती घेतलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य १९१९ साली त्यांच्या निधनाने अपुरे राहिले, तेव्हा त्याचे अकरा अध्याय झाले होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे चौसष्ट अध्याय लिहिले आणि शेवटचा, शहात्तरावा अध्याय त्यांच्या मागे मुलगा देवदत्त याने पुरा केला.